टाकीच्या झाकणावरचा स्क्रू

आज बंद पडलेली स्कूटर निर्मळ गावाहून घरापर्यंत ढकलत आणली. हाताला पेट्रोलचा वास, उजवा खांदा असा भरून आलेला की हात वर उचलेना. जिन्यात बसलो आणि कळंबचे मामा आठवले.

मामा म्हणजे बायकोचे मामा. लग्नानंतर कौतुकाने त्यांनी मला होडीतून मासेमारीला नेलं. परतताना होडीची मोटार पाच मिनिटं चालली की दम सोडायची. ओहोटी लागली होती. उशीर झाला तर होडी वाळूत बसणार आणि मासळी उन्हात नासणार. मामा प्लग पुसत होते, उजव्या हाताने दोरी ओढून ओढून मोटार चालू करत होते. मी बसल्या जागेवरून सल्ले देत होतो.

शेवटी त्यांनी टाकीचं झाकण पाहिलं. त्यावरचा हवेचा स्क्रू घट्ट बंद होता. वासाने मळमळतं म्हणून मीच तो आवळला होता. मामांनी सैल करताच टाकीने सुस्कारा सोडला.

"जावयबापू, टाकीला पन हवा लागते."

घरी मात्र मामींना म्हणाले, "पेट्रोलमदी कचरा होता."

अब्रू वाचली म्हणून मी दोनदा भात घेतला. समोर मामा उजवा हात मांडीवर ठेवून, डाव्या हातात चमचा धरून जेवत होते. का, ते कळायला मला तीस वर्षं आणि एक स्कूटर लागली.