मोहाची फुलं गळू लागली की या

झाडांच्या घरातल्या बारीकसारीक भानगडींची माझ्या सासऱ्यांइतकी खडान्‌खडा माहिती असलेला माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात दुसरा नसेल; खुद्द झाडांनाही स्वतःबद्दल एवढं ठाऊक नसावं. समुद्रपूरकडच्या त्यांच्या गावातून एक पायवाट जंगलातून टेकडीवर जाते. त्या वाटेवर कोणाला पालवी फुटली, कोणाची पानं झडली, कोणत्या चितळाचं शिंग गळालं, ही खबर त्यांना रोज सकाळी हवी म्हणजे हवी. स्वतःच्या मळ्यातल्या वांग्यांकडे मात्र ढुंकून पाहायचे नाहीत. "वांग्याले काय पाहाचं? ते तं बाराही महिने वांगंच राह्यते," म्हणायचे. पावशा पक्षी चैत्रातच ओरडू लागला तर झाडाखाली उभं राहून त्याची समजूत काढायचे, "बापू, लोकं घाबरून पेरनी कराले लागतीन. थांब जरासा." तो दमून गप्प झाला की आपलं ऐकलं म्हणून खूश. कुसुंबाला लाल पालवी आली की गावभर गूळ वाटायचे. गावाला याची इतकी सवय झाली होती की त्यांची मुलगी मॅट्रिक पास झाल्याचा गूळ हातावर पडला, तेव्हा लोकांनी विचारलं, "आता कोन्तं झाड?"

ही मुलगी पाहायला मी गेलो तो पंच्याहत्तर सालच्या फाल्गुनात. सासूबाई लवकर गेलेल्या, त्यामुळे घरात बापलेक दोघंच. मुलगी पोहे घेऊन आली. पोह्यांत मीठ कमी होतं आणि ते तिनं मी घास घेण्याआधीच सांगून टाकलं. मी तिथंच गारद झालो. नाव विचारावं म्हणून घसा साफ करतोय तोच सासरे उठले आणि म्हणाले, "चला, पळस दाखवतो." दोन तास पळस दाखवला. शेवटी धीर करून मी विचारलं, "मग आमचं काय?" ते म्हणाले, "पाव्हणे, हा पळस आता नवरदेव दिसून राह्यला. आखाडात पाहाल तं वळखू येनार नाई. झाडाले येका मोसमात पाहून समजत नाई, मानसाचं बी तसंच. तुमाले चारी मोसमांत पाहू, मंग बोलू." म्हणजे मुलगी पाहायला गेलेला मी, आणि पाहण्याचा कार्यक्रम माझाच सुरू झाला.

पुढचं बोलावणं पोस्टकार्डानं आलं: 'मोहाची फुलं गळू लागली की या.' तारीख नाही, वार नाही. मी वर्ध्याला एका कचेरीत कारकून. साहेबांकडे रजा मागायला गेलो. कधीपासून हवी, असं त्यांनी विचारलं. "मोह गळेल तेव्हापासून," मी प्रामाणिकपणे सांगितलं. साहेब खुर्चीतून उठून जवळ आले, माझ्या तोंडाचा वास घेतला आणि हळूच म्हणाले, "जिल्ह्यात दारूबंदी आहे, माहीत आहे ना?" शेवटी बाजारात रानमेवा विकणाऱ्या बाईच्या अंदाजावर विसंबून मी निघालो. गावाच्या थांब्यावर उतरलो तर सासरे वांग्यांची टोपली बाजाराला पाठवायला उभेच. मला पाहून त्यांचा चेहरा पडला. "काऊन आले इतक्या लवकर? अजून नऊ दिवस हायेत. पानं बी पुरे झडले नाईत," म्हणाले, आणि परत जाणाऱ्या एसटीत मला बसवून दिलं. मांडीवर शेरभर वांगी दिली. घरी आई म्हणाली, "पोरगी पाहाले गेलता का भाजी आनाले?"

नऊ दिवसांनी मोह पाहून आलो. मग पावसाळा सरता सरता कार्ड आलं: 'सागाच्या पानाची जाळी झाली की या.' आणि कोपऱ्यात, पेन्सिलीनं, बारीक अक्षरात: 'म्हणजे दसऱ्यानंतरचा रविवार.' पत्र पेटीत टाकायला मुलगीच जायची. ती ओळ मी इतक्यांदा वाचली की पेन्सील पुसट झाली. त्या रविवारी सासऱ्यांनी किड्यांनी खाऊन नुसत्या शिरा उरलेलं सागाचं पान माझ्या डोळ्यांपुढे धरलं. "काय दिसते?" मी म्हटलं, "तुम्हीच दिसता." "बराबर," म्हणाले. ही परीक्षा पास झालो की नापास, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

इकडे आईचा धीर सुटला. हिंगणघाटचं एक स्थळ तिनं बांधूनच ठेवलं होतं. "या उन्हाळ्यात लगन नाई झालं तं हिंगणघाटवाल्यायले मी हो म्हनून टाकीन," तिनं बजावलं. पौषात आवळे पाहायला गेलो तेव्हा सासऱ्यांना स्पष्ट सांगितलं, "आई आता थांबणार नाही. मला तुमचीच मुलगी करायची आहे. झाडं तुम्ही म्हणाल तेवढी पाहीन." सासरे एक आवळा चावत राहिले, तोंड वाकडं करत. मग म्हणाले, "पळस अजून येक डाव फुलू द्या. तेवढाच." चार मोसम संपले की हो, मी मनात म्हटलं. पण त्यांच्या बोलण्यात कधी नव्हे ती विनवणी होती, म्हणून मान डोलावली.

पळस फुलला, झडला, आणि वैशाखात आमचं लग्न लागलं. पाठवणीच्या वेळी बायका रडण्यात गुंतल्या असताना सासऱ्यांनी मला मांडवामागे नेलं.

"जावाईबुवा, राग नोका मानू. तुमाले तं म्या पह्यल्याच दिवशी मनात हो म्हनलं होतं. मोसम-बिसम काई नाई. हिची माय गेल्यापासून ही येकलीच हाय मले. लगेच द्याले जमे ना, म्हनून येक साल चोरलं तुमचं."

मला राग यायला हवा होता. साहेबांनी माझं तोंड हुंगलं होतं, आईनं टोमणे मारले होते. पण तो आला नाही. "मामाजी, अजून एक साल घेतलं असतं तरी चाललं असतं," मी म्हणालो. हे साफ खोटं होतं, आणि त्यांनाही ते कळलं. त्यांनी माझ्या खांद्यावरच्या अक्षता झटकल्या आणि म्हणाले, "जा आता. गाडी थांबून राह्यली."

जीप वळली तेव्हा मी मागे पाहिलं. पाव्हणे पांगले होते. सासरे घराच्या दाराशी उभे होते, आणि आत जायला त्यांचा पाय उचलत नव्हता.