बिनखमिराची पोळी

माझा पीएचडीचा विषय ऐकला की इथं परदेशात, डेव्हन रस्त्यावरच्या देशी किराणा दुकानातले काका न चुकता विचारतात, "बेटा, यात जॉब मिळतो का?" मिळत नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण एबियोनी लोकांचा नाद लागला तो लागला.

ख्रिस्ती धर्म अजून पुरता वेगळा झाला नव्हता, तेव्हाचा हा यहुदी पंथ. नावाचा अर्थ 'गरीब'. येशू त्यांना मसीहा म्हणून मान्य होता, देव म्हणून नव्हे. चारचौघांसारखा आईबापांच्या पोटी जन्मलेला, धर्मशास्त्र चोख पाळणारा माणूस, आणि म्हणूनच देवानं निवडलेला. मग त्याला मानायचं तर शब्बाथ म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, सुंता, खाण्यापिण्याचे नियम सोडायचे कशाला, असा त्यांचा सरळ सवाल होता. हे नियम यहुदी नसलेल्यांना लागू नाहीत म्हणणारा धर्मप्रचारक पौल त्यांना मुळीच पटला नाही. शेवटी यहुद्यांनी त्यांना आपलं म्हटलं नाही आणि चर्चनं पाखंडी ठरवलं. त्यांचं स्वतःचं लिखाण जवळपास उरलेलंच नाही. जे कळतं ते विरोधकांच्या ग्रंथांतून, म्हणजे सुनेची चौकशी सासूकडे करायची. मी सरळ त्यांची बाजू घेते. नागपूरच्या बौद्ध घरात वाढलेल्या मुलीला "तुम्ही नक्की कोण?" हा प्रश्न पुस्तकातून शिकावा लागत नाही.

डेव्हनपासून जवळच मी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहते. खाली घरमालकीण. मी तिला मावशी म्हणते. तिला ते आवडतं. यहुदी घरात जन्मलेली, तरुणपणी बाप्तिस्मा घेतलेली ही बाई रविवारी चर्चला जाते आणि शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथच्या मेणबत्त्याही लावते. चर्चमधल्या बायका म्हणतात, आता हे कशाला? जवळच राहणारा तिचा धाकटा भाऊ म्हणतो, मग ते कशाला? तो सगळे नियम पाळणारा यहुदी; तिच्या बाप्तिस्म्यानंतर तो तिच्या घरी कधी जेवला नाही. डॉक्टरकडे नेतो, औषधं आणून देतो, पण सगळं दारातून. "डोळे मिटण्याआधी एकदा त्याच्याबरोबर या टेबलावर जेवायचंय," ती मला भांडी विसळताना म्हणाली होती. मला फार वाईट वाटलं होतं.

यंदा वल्हांडणाच्या, म्हणजे यहुद्यांच्या गुलामीतून सुटकेच्या सणात तो येतो म्हणाला. बसेन, जेवणाचं बघू, एवढंच. या सणात खमिराचा, म्हणजे आंबवलेल्या पिठाचा, कणही चालत नाही, म्हणून मावशीनं ब्रेड-बिस्किटं बाहेर काढली, कपाटं घासली, अंडी-बटाटे उकडले. माझ्या अंगात उत्साह संचारला. एबियोनी वर्षातून एकदा बिनखमिराची भाकर आणि द्राक्षारसाऐवजी नुसतं पाणी घेऊन प्रभुभोजनाचा विधी करत, असं त्यांच्या एका विरोधकानं लिहून ठेवलंय. आपल्या पोळीत तरी खमीर कुठे असतं? मावशीला सरप्राइज द्यायचं म्हणून मी वरच पोळ्या केल्या. आई फोनवर होतीच. "घाई नको करू, कणीक चांगली मुरू दे," ती म्हणाली.

डबा घेऊन खाली गेले तेव्हा भाऊ येऊन बसला होता, अंगावरचा कोट तसाच.

"यात यीस्ट आहे?" त्यानं विचारलं.

"छे! फक्त गहू आणि पाणी."

"पीठ भिजवून किती वेळ ठेवलं होतंस?"

मी ऐटीत सांगितलं, "चांगलं अर्धा तास. त्याशिवाय पोळी मऊ होत नाही."

मावशीनं डोळे मिटून घेतले. भाऊ उठून उभा राहिला. गव्हाच्या पिठाला पाणी लागलं की काही मिनिटांतच भाजावं लागतं, तो म्हणाला. नुसतं ठेवलं तरी ते आंबू लागतं. शास्त्रानं ही पोळी म्हणजे पावच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढी पुस्तकं वाचली आणि कणीक झाकून ठेवताना डोक्यात प्रकाश पडला नाही! तिच्या सगळ्या मेहनतीवर मी पाणी फिरवलं.

मावशीनं डबा उचलला. मागच्या दारानं बाहेर गेली, पोळ्या कचऱ्याच्या ड्रममध्ये टाकल्या, आत आली आणि टेबल पुन्हा पुसायला लागली. मग खुर्चीखालची फरशीही वाकून पुसली. भाऊ बघत होता.

"तू अजून हे पाळतेस?"

"सोडलं कधी होतं?" ती म्हणाली. "तू विचारलंच नाहीस."

त्यानं तिच्या हातातल्या ओल्या फडक्याकडे पाहिलं. मग त्यानं कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. पिशवीतून कागदी ताटल्या आणि स्वतःची बिनखमिराची भाकर काढली, कडक, पापडासारखी. अर्धी मोडून तिच्यापुढे ठेवली. मी पेल्यांत पाणी ओतलं. मावशीनं अगदी हळू आवाजात भाकरीवरची हिब्रू प्रार्थना म्हटली. तिला वाटलं होतं, तो ऐकून न ऐकल्यासारखं करेल. परक्या पंथात गेलेल्याच्या प्रार्थनेला उत्तर द्यायचं नाही, हा त्याचा शिरस्ता तिला पाठ होता.

"आमेन," तो म्हणाला. चांगला मोठ्यानं.

मावशीच्या हातातला तुकडा तोंडापर्यंत जाईना. मी खिडकीकडे बघत राहिले, कारण माझेही डोळे भरून आले होते.

"खा की आता," भाऊ खेकसला. "आईसारखी रडत बसू नकोस. मला भूक लागलीये."