चौदा हजार फुटांवरची हवा

काका गेल्याचा फोन कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर आला. बूथवाला निरोप घेऊन वर आला तेव्हा मी ऑफिसला निघालो होतो, तसाच नल्लकुंट्याला त्यांच्या घरी गेलो. त्याला तीन आठवडे झाले. विठ्ठलकाका माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि शेवटची चार वर्षं एका नव्या खाजगी कंपनीच्या गेटवर उभे राहिले. लोकांना तेवढेच काका ठाऊक.

फौजेत ते रायफलींचं काम करायचे. रायफलवरच्या दुर्बिणीतली खूण जिथे टेकते, तिथेच गोळी लागली पाहिजे. त्या जुळवणीला ते झिरो म्हणत. इथे हैदराबादेत जुळवलेला झिरो पहाडात चालत नाही. तिथे हवा विरळ, गोळी कमी झुकते आणि नेमाच्या वरून जाते. म्हणून वर गेल्यावर पुन्हा गोळ्या झाडून जुळवायचं, आणि किती उंचीवर जुळवलं ते रायफलीच्या कार्डावर लिहायचं. इथेच जुळवलेल्या एका रायफलीच्या कार्डावर ती उंची लिहायची काकांकडून राहिली... चौदा हजार फुटांवर एका जवानानं ती रायफल तिथलीच जुळवलेली समजून उचलली. पाचशे मीटरवर नेम धरला, तो चुकला. समोरच्याचा चुकला नाही.

मी बी.एस्सी. झालो, आमच्या अख्ख्या खानदानात पहिला. काकांनी पेढा खाल्ला, हात पुसले आणि कोरा कागद पुढे सरकवला.

"फिजिक्स शिकलास ना? हिसाब करून सांग. गोळी किती वर गेली असंल?"

"आता कशाला ते, काका?"

"तू मला शिकवू नक्को. हिसाब कर."

दोन संध्याकाळी बसलो. उत्तर दीड वीत आलं. समोरचा माणूस वाचायला तेवढं पुरे. मग मी दुसरा कागद घेतला, चौदा हजारांच्या जागी चार हजार फुटांची हवा धरली आणि चार बोटांवर आणून ठेवलं. "एवढ्यानं काय होत नाही काका, त्याचाच हात हलला असंल," असं सांगितलं. मेलेल्या पोरावर ढकलून मोकळा झालो. डिग्रीवाल्याचा हिसाब घरात कोण तपासणार? काका कागदाकडे बघत राहिले... मग नुसतं "हौ" म्हणाले. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही.

तेराव्यानंतर काकूनं त्यांचे कपडे वाटायला काढले. कपाटाच्या दाराला आतून माझा कागद चिकटवलेला होता. "सकाळी शर्ट घालताना तिथंच उभे राहायचे," काकू म्हणाली. त्यांची मुलगी विद्या इंजिनियरिंगला आहे. ती वाकून आकडे वाचत होती.

"दादा, हवा चार हजार फुटांची कशी धरली? बाबा तर चौदा सांगायचे."

काकांना उंचीचा आकडा झोपेतही चुकला नसता.

"खरवडून काढू का गं तो कागद?" काकूनं विचारलं.

"राहू दे," विद्या म्हणाली. तिनं कपाट लावून घेतलं. माझ्याकडे बघितलं नाही.