एकशे सव्वीस नंबरचं हेलिकॉप्टर

आमच्या पेटीचा भाता उंदरांनी खाल्ला आणि आम्ही बायका सुराविना राहिलो. तेलगावात आमचं बायकांचं गायनपथक आहे. जयंतीला, लग्नाला, नामकरणाला आम्ही बुद्ध-भीमगीतं म्हणतो. मी शाळेत शिकवते आणि पथकात पेटी वाजवते. माझी थोरली जाऊ गाते. तिचा आवाज असा, की माईक बंद पडला तरी मागच्या रांगेला पत्ता लागत नाही. पेटीची बातमी कळल्यावर माझ्या भावानं पुण्याहून त्याचा वापरलेला सिंथेसायझर पाठवून दिला. सोबत माहितीपुस्तिकाही होती, पण ती कुठल्या भाषेत आहे इथूनच आमची सुरुवात होती.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी रोज दुपारी ते यंत्र मांडीसमोर घेऊन बसायची. त्यात प्रत्येक वाद्याला नंबर होता. नंबर दाबायचा, पट्ट्यांवर बोट ठेवायचं, तो आवाज निघायचा. जाऊ धान्य निवडत शेजारी बसून निकाल द्यायची. सनई ऐकून म्हणाली, "ही सनई न्हाई. सर्दी झालेली बासरी हाय."

शेवटाकडं वाद्यं संपली आणि भलतंच सुरू झालं. एकशे तेवीसला समुद्राच्या लाटा. त्यापुढं पाखरं, मग टेलिफोनची घंटी. एकशे सव्वीसला हेलिकॉप्टर, सत्तावीसला टाळ्या आणि अगदी शेवटी, अठ्ठावीसला, बंदुकीची गोळी.

"हे कावून घातलं असंल गं ह्याच्यात?" जावेनं विचारलं.

मला सांगता येईना. पण शिकवायचं काम केलेल्या माणसाला न कळलेली गोष्ट तशीच सोडवत नाही. मी ते आवाज एकेक पट्टीवर वाजवून पाहिले. मधल्या पट्टीवर हेलिकॉप्टर अगदी खरं वाटायचं. डावीकडं जावं तसं ते विहिरीवरचं डिझेल इंजिन व्हायचं आणि उजव्या टोकाला शिलाई मशीन. टाळ्यांचंही तसंच. मधे भरलेलं सभागृह, खाली पत्र्यावरचा पाऊस, वर कढईत तडतडणारी मोहरी. बोट जोरात आपटलं की आवाज मोठा. बोट दाबून धरलं तर टाळ्या थांबतच नाहीत, आणि पायाशी पेडल होतं ते दाबलं तर बोट काढलं तरी थांबत नाहीत. घुमाऱ्याचं एक बटण होतं. ते लावलं की दहा माणसांच्या टाळ्या मैदानभर वाटायच्या.

सुट्टी संपेपर्यंत मला हे सगळं पाठ झालं. उपयोग मात्र काही सुचत नव्हता.

पुढं हिवाळ्याच्या तोंडाला दिंद्रुडला जावेच्या भाचीचं लग्न होतं. कापसाच्या शेताला लागून मंडप घातला होता. नवरा-नवरी पांढऱ्या कपड्यांत मंचावर बसलेली, समोर बुद्धाची आणि बाबासाहेबांची प्रतिमा, लग्न लावायला बौद्धाचार्य तयार. आमची गाणी झाली होती. तेवढ्यात जिल्हा परिषदेचे एक माजी सदस्य आले. मोठ्या शेतीवाडीचे, त्या भागातल्या प्रत्येक लग्नाला हजर असणारे गृहस्थ. कुणीतरी भिडेखातर त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं.

ते रस्त्यावर बोलले, उसावर बोलले, मग स्वतःवर आले. "मी त्या दिवशी थेट साहेबाच्या केबिनमधी गेलतो आन् टेबलावर हात आपटला!" एवढं म्हणून ते थांबले. टाळ्यांसाठी जागा सोडली होती. लोक लग्नपत्रिकांनी वारा घेत होते. कुणी हात हलवला तर तो माशी उडवायला.

मला त्या माणसाची दया आली. मी हळूच एकशे सत्तावीस लावलं, घुमारा चढवला आणि मधली पट्टी दाबली.

साउंडवाल्यानं मंडपाच्या चारी खांबांवर बांधलेल्या बॉक्समधून टाळ्या आल्या. लोकांनी एकमेकांकडं पाहिलं. सगळे वाजवतायत आणि आपणच राहिलो असं प्रत्येकाला वाटलं असावं, कारण मग खरोखरच्या टाळ्याही पडल्या. माजी सदस्यांचा चेहरा असा फुलला, की पुढच्या वाक्याला मी पुन्हा बोट ठेवलं. तिसऱ्यांदा वाजवायची गरज पडली नाही. लोकांना सवय लागली होती. बोलणाऱ्यालाही.

बराच वेळ झाला. बौद्धाचार्य चष्मा पुसून पुसून थकले. नवरी जांभई दाबत होती. जाऊ माझ्या कानाशी आली.

"बंद कर ते. भात गार पडला."

"मी कवाच बंद केलंय. आता ते आपल्या आपण चाललंय."

"मग दुसरं काईतरी वाजव."

"पुढं बंदूक हाय अन् मागं हेलिकॉप्टर."

जावेनं मंचाकडं बघून जरा विचार केला. तिनं विचार केला याचीच मला धास्ती वाटली. मग म्हणाली, "मागं जा."

मी आवाजाचं बटण पार खाली आणलं, एकशे सव्वीस लावलं, मधली पट्टी दाबून पेडलवर पाय ठेवला. मग तेच बटण अगदी सावकाश वर नेत गेले. हे मी घरी कधी करून पाहिलं नव्हतं, पण कान सांगत होता: लांबून येणारी वस्तू अशीच येते.

माजी सदस्य एका शब्दाच्या मधोमध थांबले. निवडणुकीचे दिवस होते. मोठे नेते खरोखरच हेलिकॉप्टरनं येत होते. माजी सदस्यांनी वर मंडपाच्या कापडाकडं पाहिलं आणि माईकमधेच ओरडले, "साहेब आले!"

कुठले साहेब, हे कुणी विचारलं नाही. सगळा मंडप उठला. खुर्च्या पडल्या, चपला राहिल्या, लोक कापसात घुसले आणि माना वर करून उभे राहिले. नवरदेवही उठला होता, पण बौद्धाचार्यांनी त्याचा हात धरून ठेवला. मी घाबरून बटण खाली आणू लागले. त्यामुळं हेलिकॉप्टर निघून जाऊ लागलं.

"ते बघा! धर्मापुरीकडं गेलं!" बाहेरून कुणीतरी ओरडलं.

माजी सदस्य गाडीत बसले आणि त्याच्या मागं गेले.

मंडपात दोन्हीकडची घरची माणसं आणि आम्ही उरलो. त्या शांततेत त्रिसरण-पंचशील झालं, मंगलगाथा झाल्या, फुलं पडली. इतकं नीट ऐकू येणारं लग्न मी तरी पाहिलं नव्हतं.

जेवायला लोक परत आले ते रंगावरून भांडतच. कुणी म्हणे पांढरं, कुणी म्हणे निळा पट्टा होता. एका म्हाताऱ्याला आतून कुणी हात केला होता. मी वाढणाऱ्याला म्हणाले, "अहो, ते मीच वाजवलं." तो म्हणाला, "मॅडम, तुमी वाजवता लई झ्याक," आणि माझ्या पानात आणखी बुंदी टाकली.

थोड्या दिवसांनी त्या कापसाचा मालक तेलगावला आमच्या घरी आला. हेलिकॉप्टरच्या वाऱ्यानं त्याचा कापूस झोपला होता, आणि त्या हेलिकॉप्टरबद्दल मॅडमना काही ठाऊक आहे असं त्यानं ऐकलं होतं. मी त्याला सिंथेसायझरसमोर बसवलं आणि नंबर लावून वाजवून दाखवलं. त्यानं डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं.

"हे न्हाई," तो म्हणाला. "ह्याला वारा कुठं हाय?"

"अहो, कापूस माणसांनी तुडवला. सगळे आत पळाले न्हाई का?"

"पळाले की. सगळ्यांच्या म्होरं मीच व्हतो." एवढं सांगूनही त्याच्या मनात काही हललं नाही. पाणी पिऊन तो खऱ्या हेलिकॉप्टरच्या शोधात निघून गेला.

मग एका रविवारी सकाळी माजी सदस्य स्वतः आले. एकटे. मी त्यांना बसायला सांगितलं, पण ते यंत्राकडंच पाहत होते.

"मॅडम, तुमच्याकडं टाळ्या हायत म्हणं. तो साउंडवाला म्हणला."

आता हे भांडणार असं मला वाटलं. पण त्यांना राग आलेला दिसला नाही. मी एकशे सत्तावीस लावून दिलं. त्यांनी तर्जनीनं एकेक पट्टी दाबली, खालची, वरची, आणि मधलीवर येऊन थांबले. मग उभे राहिले, घसा साफ केला आणि आमच्या कपाटाकडं तोंड करून म्हणाले, "बंधू आणि भगिनींनो, हा रस्ता मी करणारच!" आणि पट्टी दाबली. टाळ्या झाल्या. आणखी एक वाक्य, आणखी टाळ्या. मग त्यांनी काही न बोलताच पट्टी दाबली आणि टाळ्या संपेपर्यंत तसेच उभे राहिले.

"आदीच वाजल्यावर बोलायचं काय?" असं स्वतःशीच म्हणून ते खाली बसले.

जाऊ चहा घेऊन आली. त्यांनी तिला विचारलं, "ताई, खरं सांगा. त्या दिवशी लोकांनी बी वाजवल्या का न्हाई?"

"वाजवल्या की. पयल्यांदा हिच्या, मग लोकांच्या."

"लोकांच्या बऱ्याच होत्या?"

"हां, होत्या बऱ्याच," जाऊ म्हणाली. तिला खोटं बोलता येत नाही, त्यामुळं मलाही बरं वाटलं.

त्यांनी चहा बशीत ओतला. आता सगळं सांगून टाकावं म्हणून मी म्हणाले, "साहेब, ते हेलिकॉप्टर पण ह्यातलंच होतं."

ते समजुतीनं हसले. "टाळ्यांचं मानतो मी, मॅडम. पण हेलिकॉप्टरचं न्हाई. ते मी सोत्ता बघितलं. धर्मापुरीत देवळाच्या मागं उतरलतं. मी पोचेपर्यंत उडालं."

माझं बोट एकशे सव्वीसच्या जवळ गेलं होतं. मी ते मागं घेतलं.

"मोठं होतं का?" मी विचारलं.

"लई," ते म्हणाले, आणि बशी तोंडाला लावली.