स्पेनमधले चार सनबेड

भूमध्य समुद्राकाठी सुट्टीला जायचं असेल तर सकाळी सातच्या आत किनाऱ्यावरचे सनबेड, म्हणजे उन्हात पडायच्या खाटा, धरावेत, असा सल्ला मी लंडनजवळच्या आमच्या वॉटफर्डमधल्या अकरा कुटुंबांना दिला होता. मी स्वतः तोवर तिकडे गेलो नव्हतो.

पण अभ्यास दांडगा! दुकानं दुपारी बंद असतात, रात्रीचं जेवण साडेआठच्या आधी मिळत नाही, तुपाचा डबा सोबत नेता येत नाही (डेअरी चालत नाही, बायको, सायली, त्यावरून अजून बोलते). सगळ्या टिप्स मी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचो. लोक 'थँक्स' लिहायचे आणि मी दिवसभर फुगून बसायचो.

मग नागपूरहून आई आली. युरोपात फिरायचा शेंगेन व्हिसा तिने तिकडूनच काढून आणला होता, कारण बहात्तर वर्षांत तिने समुद्रात पाऊल टाकलं नव्हतं आणि एकदा टाकायचं होतं. लाट पाय ओढून नेते, ही तिची भीती. निघताना म्हणाली, "तू हात धरशील, तर गुडघाभर जाईन." मला भरूनच आलं. स्पेनचं बुकिंग तर झालंच होतं.

पहिले दोन दिवस किनाऱ्यावर लाल झेंडा. पाण्यात उतरायला बंदी. आई बाल्कनीतून समुद्राकडे बघत बसायची. राहिली शेवटची सकाळ, दुपारी विमान.

त्या दिवशी झेंडा हिरवा! मी सहा वाजताच हॉटेलच्या बीचवर हजर. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यात माझं आख्खं कॉलेज गेलंय. पहिल्या रांगेतले चार सनबेड धरले: एकावर टॉवेल, एकावर आईची सुती साडी, एकावर मुलीची, इराची, टोपी आणि शेवटच्यावर खुद्द रुमाल. अर्धा तास रिकामा राहिलेला सनबेड दुसऱ्याला देऊ, अशी पाटी तिथे होती. मी ती वाचली. पण ती इतरांसाठी असावी असं वाटलं.

आईची पूजा, मग चहा, मग इराचे पॅनकेक्स. आम्ही पोचलो साडेनऊला. आमचं सामान एका टोपलीत घडी करून ठेवलेलं, आणि रुमालवाल्या सनबेडवर साठीच्या एक इंग्लिश बाई पुस्तक वाचत पडलेल्या. बाकीचे तीन मात्र रिकामेच.

मी सभ्यपणे सुरुवात केली. बाई म्हणाल्या, इथे कोणी नव्हतं. मी म्हटलं, रुमाल होता. त्यांनी विचारलं, रुमालाला ऊन खायचं होतं का? झालं! मी बीचवर सनबेड सांभाळणाऱ्या माणसाला बोलावलं. त्याने पाटी दाखवली. मी टोपलीतून रुमाल काढून पुरावा म्हणून फडकवला.

सायली म्हणाली, "अरे सोड ना, पाण्यात जाऊ."

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

आईने बाही ओढली. "काय करून राहिला तू? चल ना."

"दोनच मिनिटं, आई."

त्या दोन मिनिटांत वीस मिनिटं गेली. आई साडी घोट्यापर्यंत धरून ओल्या वाळूच्या अलीकडे एकटीच उभी. बाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि मला विचारलं, त्यांना काय हवंय? भांडणाच्या भरात मी खरं ते सांगून टाकलं: पाण्यात जायचंय, भीती वाटते, कोणीतरी हात धरायला हवा.

बाईंनी पुस्तक मिटलं, सरळ आईपाशी गेल्या आणि हात पुढे केला. आईने तो धरला.

आणि मी? मी झटकन त्यांच्या रिकाम्या झालेल्या सनबेडवर बसलो!

मान वर केली तेव्हा आई गुडघाभर पाण्यात होती. लाट आली, तिने किंकाळी फोडली आणि मग एवढी हसली की इतक्या वर्षांत मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं. इरा तिच्या वॉटफर्डी मराठीत ओरडली, "बाबा, आजी पाण्यात गेला!" आणि धावली. मागोमाग फोन सरसावत सायली. मीही उठलो. तेवढ्यात पाच टॉवेल घेतलेलं एक कुटुंब आमच्या सनबेडकडे बघत आलं, आणि मी पुन्हा बसलो, पाय शेजारच्या सनबेडवर पसरून. खरं सांगतो, बसल्या बसल्या रडू येत होतं. पण उठलो नाही.

आता सायलीने काढलेला तो फोटो आई नागपुरात येईल त्याला दाखवते. परवा आमच्याशी व्हिडिओ कॉल चालू असतानाच शेजारच्या काकूंनी विचारलं, हात धरलेल्या या मॅडम कोण? आईने कौतुकाने सगळं सांगितलं.

"आणि मागे दोन खाटांवर आडवा पडलाय, तो कोण?"

"तो होय?" आई म्हणाली. "तो आमचा अनिरुद्ध. मला समुद्रात घेऊन गेला होता ना."