आमच्या दारावरची डहाळी

माझे यजमान गेले तेव्हा रडायलासुद्धा कोणी घरात आलं नाही.

ती सोय त्यांनीच करून ठेवली होती.

आज त्यांची तिथी. दरवर्षी मी ग्रुपवर नुसता त्यांचा फोटो टाकते आणि तुम्ही भाचे-पुतणे खाली हात जोडता. या वेळी लिहायचं ठरवलं. एका बोटाने टाइप करते आहे, वेळ लागतो.

सत्तावन्न सालची गोष्ट. मी अठरा-एकोणीस वर्षांची. ते रिठदच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. डॉक्टर आठवड्यातून एकदा रिसोडहून येत. बाकीचे दिवस दवाखाना म्हणजे हेच.

उन्हाळ्यात सरकारी पत्र आलं. फ्लूची साथ येते आहे, तयारीत राहा.

पत्र लहान होतं. तयारी कशी करायची ते ज्याचं त्याने बघायचं होतं.

यांनी बघितलं. सायकलवर केनवडच्या दवाखान्यात जात, आजूबाजूच्या आणखी दोन दवाखान्यांत जात. तापाच्या माणसांना बसायला बाहेर वेगळा बाक. पाणी उकळायला मोठं भगुनं. गोळ्या कुटून पुड्या आधीच बांधून ठेवायच्या, कारण साथ आली की हात पुरत नाहीत.

पुड्या मी बांधायची. रद्दीच्या कागदावरचं एकेक अक्षर त्यांना विचारत वाचायला लागले. माझी शाळा तेवढीच.

पण एक गोष्ट बाकाने आणि भगुन्याने होणारी नव्हती.

आमच्याकडे माणूस आजारी पडला की अख्खं गाव भेटायला येतं. उशाशी बसतं, कपाळाला हात लावतं, चहा पितं. गेलं नाही तर वाईट दिसतं.

फक्त देवीचा रोग आला की दाराला कडुलिंबाची डहाळी लावत. ती दिसली की कोणी उंबरठा ओलांडत नसे. हे म्हणाले, या तापालाही तीच लावा. चारही दवाखान्यांत तेच सांगत फिरले.

शेजारच्या गंगूकाकी हसल्या. "काहून रे कंपाउंडर, तापाची कोणती देवी निंघाली आता?"

"देवी नाही काकी. पण लोकाईले कागद समजत नाही, डहाळी समजते."

"मंग तुह्याच दाराले लाव पह्यले."

"लावतो ना. ताप तं येऊ द्या."

सगळे हसले. मीही.

ताप आला. गावात पहिला आमच्याच घरी.

केनवडहून सायकल हातात धरून चालत आले, अंगणात बसले आणि मला म्हणाले, "डहाळी तोडून आण."

तीन दिवस मी एकटी. पाणी, पेज, कपडे, कपाळावरची पट्टी. गंगूकाकी अंगणाच्या कडेला घागर ठेवून हाक मारायच्या आणि मागे फिरायच्या. आता त्या हसत नव्हत्या, पण आतही येत नव्हत्या.

चौथ्या दिवशी सकाळी मी डहाळी काढून टाकली.

रागाने नाही. दमले होते. कोणीतरी आत यावं, दोन भाकरी टाकाव्या, मला घटकाभर पडू द्यावं. एवढंच.

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

त्याच सकाळी केनवडहून माझी आई आली. दार मोकळं पाहून ती सरळ उंबरठ्याशी आली.

"कोण आलं?" यांनी आतून विचारलं.

"माय आली."

"अन् ते आत कशी येऊन राह्यली? डहाळी कुठं हाये?"

"वाऱ्यानं पडली."

"तू काढली."

मी पट्टी पिळायला घेतली.

"लाव."

"मी थकली हो."

"मले दिसते. तरी लाव. कंपाउंडरनंच सोताच्या घरची काढली म्हटल्यावर गावात कोण लावीन?"

माय सगळं ऐकत होती. मी तिच्या डोळ्यांसमोर डहाळी परत अडकवली.

"पोरी, मी तुही माय आहो," ती म्हणाली. "मले कायचा ताप?"

"जाय माय. ते आयकत नाहीत."

ती बराच वेळ अंगणात बसून राहिली. मग भाकरीचं गाठोडं तिथेच ठेवून वाटेला लागली. वळून पाहिलं नाही.

दोन दिवसांनी दुपारी ते गेले. चौघे जण तोंडाला फडकं बांधून आले आणि घेऊन गेले. बायका लांब उभ्या राहिल्या. मला धरायला कोणी आलं नाही.

मग गावात एकेका दाराला डहाळी दिसायला लागली. केनवडलाही लागली, माय सांगायची. त्याने किती जीव वाचले मला माहीत नाही. कोणी मोजले नाहीत. म्हातारी माणसं भेटली की म्हणायची, "कंपाउंडरनं गाव वाचवलं." मी मान हलवायची.

मला गाव नको होतं. ते हवे होते.

कोरोनात तुम्ही सगळे क्वारंटाइन, आयसोलेशन म्हणत होता. एका पुतण्याने फोनवर विचारलं, "काकू, एकटीला करमते का वो तुले?" मी म्हटलं, सवय आहे बाबा.

मायला आत घेतलं असतं तर ते जगले असते असं नाही. एवढं मलाही कळतं.

पण मी सहा दिवस धड झोपले नव्हते. त्या दुपारी त्यांच्या उशाशी, हातात ओली पट्टी, बसल्या बसल्या माझा डोळा लागला.

जाग आली तेव्हा पट्टी वाळली होती. ते गेलेले होते.

पाणी मागितलं का, मला हाक मारली का, माहीत नाही.

अहो, तुमचं ऐकलं मी. मग झोप लागली.

निरोप घ्यायचा राहिला होता. आज घेते.