भाऊंच्या फ्लेक्सवर सुपरसिलियस

मित्रांनो, वाचा आणि लगेच रिप्लाय द्या. माझी वाट लागलीये.

उद्या आमच्या नगरसेवक भाऊंचा वाढदिवस. दुपारी फ्लेक्सच्या दुकानात मला म्हणाले, "छोट्या, कार्यसम्राट सगळेच लावतात. आपल्याला इंग्रजीत काहीतरी भारी सांग."

मी मस्तीत बोललो, "सुपरसिलियस."

"म्हणजे रे?"

"लय मोठा माणूस, भाऊ!"

खरा अर्थ आहे घमेंडखोर, सगळ्यांना तुच्छ समजणारा. लॅटिनमध्ये सुपरसिलियम म्हणजे भुवई. भुवई वर चढवून लोकांकडे बघणारा, तो सुपरसिलियस. भाऊ डिट्टो तसेच बघतात, म्हणून तर मला शब्द सुचला.

वाटलं, विसरतील. संध्याकाळी बघतो तर चौकात एवढा मोठा बोर्ड, 'सुपरसिलियस नेतृत्व'! खाली शुभेच्छुक म्हणून माझ्या पप्पांचं नाव. त्याच चौकात पप्पांची फुलांची टपरी आहे, ती भाऊंच्या मेहरबानीवर. आणि उद्याचे पाहुणे कोण, तर कॉलेजचे इंग्रजीचे सर.

आत्ता पप्पा त्या बोर्डासाठी हार ओवतायत. आईला म्हणाले, "एवढा भारी शब्द आपल्या पोरानं दिलाय."

सांगा ना, त्यांना आत्ता खरं सांगू, की हार पूर्ण होऊ देऊ?